तळघरातली डायनिंग कार

शनिवारची सकाळ झाली की बाबांच्या पायाला भिंगरी लागायची. आठवडाभर शहराच्या पाणीखात्यात टेबलावर वाकून जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढणारा हा माणूस, एकदा बसला की तासन्‌तास न हलणारा, शनिवारी मात्र चहाचा कप हातात घेऊन किचन आणि पुढचं दार यांच्यामध्ये येरझारा घालत असायचा. मग बाहेर जाऊन स्टेशन वॅगनच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा, थंडीत इंजिन गोठू नये म्हणून लावलेल्या ब्लॉक हीटरची वायर काढून गुंडाळायची आणि इंजिन चालू करून आत बसून राहायचं. हॉर्न ते कधी वाजवत नसत. इंजिनचा आवाज हेच आम्हाला बोलावणं. आई खिडकीतून बघायची, "निघाले बाप्पा तुझे बाबा," म्हणायची आणि माझ्या हातात पराठ्यांचा डबा द्यायची. ती स्वतः कधी यायची नाही. मी जायचे, कारण विनिपेगच्या त्या घरात शनिवारी बसून राहण्यापेक्षा कुठंही जाणं मला बरं वाटायचं. मी तेव्हा सोळाच्या आसपास होते, आणि जायचं कुठं हे मला ठाऊक नव्हतं, फक्त जायचं होतं एवढं ठाऊक होतं.

बाबा ज्या वस्तूंच्या मागे हिंडत त्या होत्या जुन्या आगगाड्यांच्या डायनिंग कारमधल्या. कॅनडाभर पूर्वी लांब पल्ल्याच्या गाड्या धावायच्या, तेव्हा प्रत्येक गाडीला जेवणाचा एक खास डबा असे. टेबलांवर पांढरे कडक टेबलक्लॉथ, जाड चिनीमातीच्या बशा, त्यांच्या काठावर रेल्वे कंपनीचं चिन्ह, चांदीचा मुलामा दिलेल्या कॉफीच्या किटल्या. पुढे गाड्या कमी झाल्या, काही बंदच झाल्या, आणि ही सगळी भांडीकुंडी जगभर पांगली. काही गोदामांच्या लिलावात गेली, काही जुन्या कामगारांच्या घरी राहिली, काही कुणीकुणी कोटाच्या खिशातून नेली असणार. आम्ही ती शोधायचो गावोगावच्या चर्चच्या बेसमेंटमधल्या सेलमध्ये, फार्मवरच्या लिलावात, फ्ली मार्केटच्या जुन्या बाजारात. जिथली आगगाडी कधीचीच बंद झाली आहे आणि धान्याचं एक उंच कोठार तेवढं रुळांशेजारी उभं आहे, अशा गावी एखाद्या म्हातारीच्या कपाटातून बाबा एक बशी उचलायचे, उलटी करायचे, मागचा शिक्का बघायचे. शिक्का हवा तो असला की त्यांच्या गळ्यातून एक बारीकसा हुंकार निघायचा. मला तो हुंकार फार आवडायचा. बाकी वेळ मी गाडीत बसून पाय हलवत असायचे.

घरी आलं की वस्तू आधी आईच्या ताब्यात. "कोणाकोणाची उष्टी ताटं जमा करून राहिले," असं म्हणत ती सिंकमध्ये कढत पाणी सोडायची आणि एकेक बशी दोनदा धुवायची. चांदीच्या वस्तूंना ती दंतमंजन लावून घासायची. नागपूरहून येणाऱ्या पार्सलमध्ये सावजी मसाल्याच्या पुड्यांबरोबर त्या गुलाबी दंतमंजनाचे डबे यायचे, आणि मला वाटतं आमच्या घरात त्याने दात कुणीच घासले नाहीत. रविवारी दुपारी सगळ्या घराला त्याचा कापरासारखा वास यायचा, त्यात फोडणीचा वास मिसळायचा, आणि खालून घर तापवणारी फर्नेस घुरघुरत असायची. आईच्या हाताखाली काळवंडलेलं साखरेचं भांडं उजळत जायचं. ती मान तिरकी करून त्याच्याकडे बघायची आणि बाबांच्या हाती द्यायची.

बेसमेंटमध्ये बाबांनी एक टेबल मांडलं होतं. भिंतीला लागून, चार खुर्च्यांचं, डायनिंग कारमध्ये असायचं तसं. कपाटं त्यांनी स्वतः केली होती. ड्राफ्ट्समनचा हात असल्यामुळे प्रत्येक फळीवर छोट्या सुबक अक्षरांत चिठ्ठ्या होत्या. बोटं बुडवायचे वाडगे, टोस्ट झाकायची झाकणं, मेन्यूकार्ड उभी करायचे चिमटे, आणि बुडाशी रुंद, बुटक्या किटल्या, गाडी हलली तरी कलंडू नयेत म्हणून तशा केलेल्या. एक चार पट्ट्यांचा छोटा झायलोफोनही होता. जेवण तयार झालं की गाडीचा स्टुअर्ड तो हातात धरून लाकडी हातोडीनं वाजवत डब्याडब्यातून फिरायचा. बाबा रविवारी जेवायच्या आधी तो वाजवायचे. चार सूर, खालून वर आणि परत खाली. मग मी आणि बाबा त्या टेबलाशी बसायचो, चिन्हाच्या बशांत वरण-भात, वांग्याची भाजी, आणि आई वरून जिन्याच्या तोंडाशी येऊन गरम पोळ्या द्यायची. त्या मी धावत जाऊन आणायचे. आई नंतर जेवायची, वर, किचनच्या ओट्याशी उभं राहून, स्टीलच्या ताटलीत. असं कुणी ठरवलेलं नव्हतं. गरम पोळी मिळायची असेल तर कुणीतरी वर असायलाच हवं, एवढंच त्याचं कारण आम्हाला ठाऊक होतं, आणि त्यापलीकडे कुणी विचार केला नव्हता.

परवा माझी नात इथं पश्चिम किनाऱ्यावर, कोक्विटलामला माझ्याकडे आली होती. तिला मी हे सांगत होते तर ती म्हणाली, "बट आजी, व्हाय प्लेट्स?" फार योग्य प्रश्न आहे. मलाही तो त्या वयात पडायचा, आणि बाबांकडे त्याचं एकच उत्तर होतं, त्यांच्या प्रवासाची गोष्ट. ती त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की मला पाठ होती. ते कॅनडात नवे होते, आई अजून नागपूरला होती, मी तिच्या कडेवर. टोरोंटोहून विनिपेगला नोकरीवर रुजू व्हायला ते आगगाडीनं निघाले. बाहेर गोठलेली तळी आणि झाडं, झाडं आणि गोठलेली तळी. पिशवीत बिस्किटांचा पुडा होता आणि त्यावरच प्रवास काढायचं त्यांनी ठरवलं होतं, कारण जेवणाच्या डब्यात आपण जावं की नाही हे त्यांना कळत नव्हतं. मग तो चार सुरांचा आवाज आला. स्टुअर्ड त्यांच्यापाशी थांबला आणि म्हणाला, "डिनर, सर." बाबा उठून त्याच्या मागे गेले. टेबलक्लॉथ किंचित ओला होता, बशा घसरू नयेत म्हणून. तीन अनोळखी माणसं टेबलाशी होती. त्यातल्या एकीनं ब्रेडची टोपली त्यांच्याकडे सरकवली. वेटरनं हलत्या गाडीत थेंबही न सांडता कॉफी ओतली. एवढंच. गोष्ट इथं संपायची आणि मी दर वेळी मनात म्हणायचे, मग पुढं काय?

एका फ्ली मार्केटमध्ये आम्हाला मिस्टर एल्सवर्थ भेटले. उंच, काळे, पांढऱ्या केसांचे, थंडीतही टाय लावलेले. एका टेबलावरची चिन्हाची बशी उचलून ते तिच्याकडे बघून हसत होते. विकणारा म्हणाला, हे आयुष्यभर गाड्यांवर होते. बाबांना तेवढं पुरे झालं. त्यांनी पुढे होऊन आपलं नाव सांगितलं, आपल्या संग्रहाबद्दल सांगितलं, आणि घरी काही जुनं असेल तर बघायला येऊ का, असं विचारलं. मिस्टर एल्सवर्थ म्हणाले, घरी काही नाही, पण चहा आहे. पुढच्या रविवारी आम्ही गेलो. स्टेशनपासून जवळच त्यांचं लाकडी घर होतं, पायवाटेवरचा बर्फ काठापर्यंत फावड्यानं नीट उपसलेला. बायको वारली होती, मुलगा टोरोंटोला होता. बोलायला त्यांना मनापासून आवडायचं. युनियनच्या सभा, पत्त्यांचे डाव, कुठल्या स्टेशनवर कसली पेस्ट्री मिळायची, यावर ते थांबेनात. बाबांनी टॉवेलात गुंडाळून एक बशी आणली होती. ती पुढे ठेवून त्यांनी विचारलं, चांगल्या दिवसांत ती डायनिंग कार आतून कशी होती, सांगा.

मिस्टर एल्सवर्थांनी बशी उचलून खाली ठेवली. ते पोर्टर होते, झोपायच्या डब्यात प्रवाशांचे बिछाने घालायचे, बूट पुसायचे. पोर्टरच्या कामावर तेव्हा सगळे काळेच असत. प्रवासी त्यांना एकाच नावानं हाक मारायचे, खरं नाव कुणाचंही काही असो.

"त्या डब्यातून मी रोज कितीदा तरी चालत गेलोय," ते म्हणाले. "बसलोही आहे. पण प्रवाशांचं आटपल्यावर, किचनच्या बाजूच्या शेवटच्या टेबलाशी, आणि पडदा ओढून. आम्ही जेवताना कुणाला दिसू नये म्हणून पडदा. जेवण चांगलं असायचं, खोटं कशाला बोलू. पण डबा कसा होता विचारलंत तर मला पडदाच आठवतो. हिरवा होता."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. लगेच माझ्याकडे वळून शाळेचं विचारलं, पुढं काय करणार विचारलं. मी म्हटलं, जायचंय. कुठं? कुठंही. ते मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "तू चांगली पोर्टर झाली असतीस." बाबा हसले नाहीत. त्यांनी बशी परत टॉवेलात गुंडाळली.

परत येताना रुळांच्या फाटकापाशी आम्हाला थांबावं लागलं. लांबलचक मालगाडी चालली होती. एकामागून एक धान्याचे डबे, संपायचं नाव नाही. हीटर चालू होता आणि काच आतून धुरकट होत होती. बाबा समोर बघत एकाएकी मराठीत बोलायला लागले. एरवी गाडीत ते माझ्याशी अर्धं इंग्रजीच बोलायचे, कारण मी उत्तर इंग्रजीत द्यायचे.

"आमच्या गावात एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चहाचं दुकान. आमच्या लोकांची कपबशी वेगळी असायची. बाहेर, वळचणीला ठेवलेली. ती आपणच घ्यायची, त्यानं वरून चहा ओतायचा, आपण बाहेर बसून प्यायचा, आणि आपणच धुवून परत तिथंच ठेवायची. माझे वडील मला घेऊन जायचे. त्या कपाला कान नव्हता."

दर वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला कम्युनिटी हॉलमध्ये भाषणं व्हायची, त्यात मी हे ऐकलेलं होतं. पण ते लोकांबद्दल असायचं, इतिहासाबद्दल. माझ्या बाबांच्या हातातल्या कपाबद्दल मी पहिल्यांदा ऐकत होते. ओलसर टेबलक्लॉथ, सरकवलेली ब्रेडची टोपली, थेंबही न सांडता ओतलेली कॉफी. त्या गोष्टीत मला कधी काही सापडलं नव्हतं, कारण गोष्टीचा आधीचा भाग मला कुणी सांगितलाच नव्हता. मालगाडी संपली, फाटक वर गेलं, मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तेव्हा बाबांनी गिअर टाकला.

त्यानंतर बाबांचं कशातच लक्ष लागेना. शनिवार यायचा आणि इंजिन सुरू व्हायचं नाही. ते बेसमेंटमध्ये जायचे, दिवा लावायचे, कपाटापुढे उभे राहायचे, परत वर यायचे. टीव्ही लावायचे आणि बंद करायचे. एकदा सगळ्या बशा काढून त्यांनी टेबलावर मांडल्या आणि तशाच सोडून दिल्या. आईनं मला विचारलं, "काय झालं यांना? त्या म्हाताऱ्यानं काही म्हटलं का?" मी तिला पडद्याचं सांगितलं, आणि कपाचंही. ती पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, "कपाचं मला लग्न झाल्यावर सांगितलं होतं, एकदाच. तुला सांगितलं ते चांगलं केलं." मग परत लाटायला लागली. मला वाटतं बाबांना त्या दिवसांत आपल्या वस्तूंकडे बघवत नव्हतं. ज्या डब्यात कुणीतरी त्यांना पहिल्यांदा माणसांच्या रांगेत बसवलं, त्याच डब्यात दुसरा कुणी पडद्यामागे बसत होता. पण त्या वस्तू टाकून द्याव्यात असंही त्यांना वाटत नसणार, कारण ती ब्रेडची टोपलीही खरीच होती.

मग एका संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर कोट न काढताच ते आईला म्हणाले, मिस्टर एल्सवर्थना जेवायला बोलावू या. खाली, त्या टेबलाशी.

त्या रविवारची तयारी दोन दिवस चालली. बाबांनी मेन्यूकार्ड हातानं लिहिलं, जुन्या कार्डांसारखं, वर एक छोटं इंजिन काढून. त्यात इंग्रजी अक्षरांत पातोडी रस्सा होता, वडाभात होता, तळ्यातला पिकरेल मासा सावजी मसाल्यात तळलेला होता, शेवयांची खीर होती. पाहुण्यांच्या जागेवर ठेवायच्या कार्डावर त्यांनी मिस्टर एल्सवर्थांचं पूर्ण नाव लिहिलं, पहिलं, मधलं, आडनाव. टेबलक्लॉथ आईनं स्टार्च केला आणि बाबांनी त्यावर पाण्याचा हलका फवारा मारला. बेसन कढईत घोटून आईचा दंड दुखायला लागला होता. पातोड्या थापून तिनं वड्या पाडल्या, रश्शाला तर्री आणली, आणि खिडकी उघडली तर उणे वीसची हवा आत यायची म्हणून सगळा खमंग धूर घरातच फिरत राहिला. मिस्टर एल्सवर्थ वेळेवर आले, करडा सूट, पॉलिश केलेले बूट. दारात बूट काढायला लावल्यावर त्यांनी मोज्यांकडे बघून म्हटलं, बरं झालं, नवे घातलेत.

बाबांनी झायलोफोन वाजवला. आम्ही खाली गेलो. बाबांनी हातावर पांढरा नॅपकिन टाकला होता, आणि ते बसणार नव्हते, वाढणार होते. मी आणि मिस्टर एल्सवर्थ समोरासमोर बसलो. त्यांनी आपल्या नावाचं कार्ड उचललं, हातभर लांब धरून वाचलं, आणि खिशात ठेवलं. बाबांनी रस्सा वाढला, थेंबही सांडला नाही. मग जिन्याच्या तोंडाशी आई आली, मी उठून पोळ्या आणल्या. मिस्टर एल्सवर्थांनी काटा उचलला होता. त्यांनी विचारलं, मिसेस कुठं आहेत? बाबा म्हणाले, ती मागाहून जेवेल, वर, तिची तशी सवय आहे.

मिस्टर एल्सवर्थांनी काटा खाली ठेवला. बशीच्या कडेला, आवाज न करता.

"मी थांबतो," ते म्हणाले. "मागाहूनच्या जेवणाची चव मला माहीत आहे."

ते रागावले नव्हते. हात मांडीवर ठेवून ते खरंच थांबले, गाडी यायची वाट बघणाऱ्या माणसासारखे. फर्नेस सुरू झाली, घुरघुरली, बंद झाली. बाबा नॅपकिन घेऊन तसेच उभे. त्यांचा चेहरा मी बघितला आणि मग बघू नये असं वाटून रश्शाकडे बघत राहिले. ते जिना चढून गेले. वरून आईचा आवाज आला, "मी कशाला? माझ्या पोळ्या राहिल्यात." मग बाबांचं काहीतरी हलक्या आवाजात, बराच वेळ, शब्द कळेनात. मग तवा बाजूला सरकवल्याचा आवाज.

आई खाली आली. साडीवर घरातला तपकिरी कार्डिगन, मनगटापर्यंत पीठ. मिस्टर एल्सवर्थ उठून उभे राहिले. बाबांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली, आणि कुणी अशी खुर्ची ओढून देण्याची आईला सवय नसल्यामुळे ती आधी खुर्चीच्या भलत्याच बाजूनं शिरायला लागली. बसली. ज्या बशा तिनं वर्षानुवर्षं कढत पाण्यात धुतल्या होत्या, त्यातली एक पहिल्यांदा तिच्यापुढे आली. बाबांनी आधी रस्सा वाढला आणि पोळी विसरले, मग पोळी वाढली आणि मीठ विसरले. तिनं काही सुचवलं नाही. मिस्टर एल्सवर्थांनी पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, पाण्याचा ग्लास अर्धा संपवला आणि आणखी मागितलं. तेव्हा कुठं आई हसली. शेवटी बाबाही चौथ्या खुर्चीवर बसले. पोळ्या गार झाल्या होत्या. चौघांनी गारच खाल्ल्या.

खीर खाताना आईनं आपल्या तुटक इंग्रजीत विचारलं, इथून गाडी कुठं जाते? आमच्या घरी रोज रुळांचा आवाज यायचा, डबे एकमेकांवर आदळल्याचे धडाके यायचे, पण इथून कुठं जाता येतं हे तिनं कुणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मिस्टर एल्सवर्थ खूश झाले. चमचा टेबलक्लॉथवर पश्चिमेकडे सरकवत त्यांनी सांगितलं, आधी सगळं सपाट, इतकं सपाट की गाडी चालली आहे हे कळत नाही, मग एका सकाळी समोर डोंगर येतात, आधी ढगच वाटतात, मग ते ढग हलत नाहीत हे लक्षात येतं. आईनं चमच्यावरून नजर काढली नाही. मग ती मराठीत, बाबांना उद्देशून पण त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "मला जायचंय."

ते माझे शब्द होते. मला वाटायचं त्या घरात ते फक्त माझे आहेत.

पुढचे काही आठवडे बाबा टोलवत राहिले. थंडी कमी होऊ दे. आता गाड्यांत ती मजा राहिली नाही. जेवण गरम करून देतात म्हणे, बशाही साध्या झाल्यात. आई ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायची. मला कोडं पडलं होतं की आगगाडीवर इतकं प्रेम असलेला माणूस आगगाडीत बसायला का तयार नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पहिल्या प्रवासानंतर बाबा कॅनडात एकदाही आगगाडीनं गेलेले नव्हते. आईनं एकदा सरळच विचारलं, काहून नाही म्हणता? बाबांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "परत गेलो आणि तसं नसलं तर?"

आई म्हणाली, "तुम्ही नका येऊ. मी अन् सुजू जातो."

सुजू म्हणजे मी. आणि आम्ही दोघी गेलो, पश्चिमेला, थेट समुद्रापर्यंत. बाबा स्टेशनवर सोडायला आले, आमची बॅग डब्यात ठेवली, खाली उतरले, परत चढले, खिडकी नीट बंद होते का बघितलं, परत उतरले. गाडी हलली तेव्हा ते प्लॅटफॉर्मवर गाडीबरोबर थोडं चालले आणि मग मागे राहिले. मला वाटलं होतं आई रडेल. तिनं चपला काढून पाय वर घेतले आणि खिडकीला कपाळ टेकलं.

डायनिंग कारमध्ये जायचं तर ती आधी घाबरली. मग पदर नीट केला आणि माझ्यापुढे चालायला लागली, दोन्ही हातांनी सीटा धरत. आमच्या टेबलाशी सस्कॅचवानचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. टेबलक्लॉथ होता. बशा पांढऱ्या, साध्या. आईनं मासा मागवला, त्यावर मिरपूड पसरली, सगळा खाल्ला. त्या बाईनं तिला मुलं किती विचारलं, तिनं मला बोट दाखवलं. जेवण झालं तशी आई आमच्या चौघांच्या बशा एकावर एक ठेवायला लागली, चमचे गोळा करायला लागली. वेटर आला आणि हळूच म्हणाला, "राहू द्या मॅडम, ते माझं काम." आईनं हात मागे घेतले. पण ते हात स्वस्थ बसेनात. टेबलक्लॉथवरचे कण टिपत राहिले, नॅपकिनची घडी घालून परत मोडत राहिले. शेवटी तिनं ते दोन्ही मांडीखाली घालून दाबून धरले आणि हसून माझ्याकडे बघितलं. बाहेर सपाट शेतांवर ऊन होतं. वेटरनं तिच्या कपात कॉफी ओतली. ती कॉफी पीत नसे. त्या दिवशी प्यायली, आणि आणखी मागितली.

बाबांचा तो संग्रह आता एका छोट्या गावाच्या म्युझियममध्ये आहे. मिस्टर एल्सवर्थ पुढं कितीतरी रविवार आमच्याकडे जेवले, आणि त्या टेबलाशी मग नेहमी चार माणसं बसायची. वर्षभरानं मी टोरोंटोला शिकायला गेले, ती परत विनिपेगला राहायला कधी आलेच नाही. माझ्या पायांतली ती वळवळ कुणाकडून आली, असं मला कुणी विचारलं तर पूर्वी मी बाबांचं नाव सांगत असे.

त्या प्रवासाहून आम्ही दोघी परत आलो तेव्हा दुपार होती. बाबा स्टेशनवर आमच्याही आधी येऊन थांबले होते, नवीन शर्ट घालून. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारायला सुरुवात केली. डबा कसा होता? किटली कसली होती? बशांच्या काठावर काय होतं, निळी रेघ की नुसत्याच पांढऱ्या? आई म्हणाली, "बशांकडे माझं लक्ष नव्हतं. मी बाहेर पाहत होते."

बाबांनी आमच्या गल्लीचं वळण सोडून दिलं. मला वाटलं विसरले. पण ते सरळ जात राहिले, शहराबाहेरच्या रिंगरोडला लागले, वेग कमी केला आणि विचारलं, "काय काय दिसलं?"

आईनं सपाट शेतांपासून सुरुवात केली. डोंगरांपर्यंत पोचायला तिला फार वेळ लागला. बाबा रिंगरोडवरून गाडी चालवत राहिले, मधे एकदाही न बोलता, आणि आईची गोष्ट समुद्रापाशी येऊन थांबेपर्यंत त्यांनी गाडी घराकडे वळवली नाही.